प्रकल्पाचा सेटअप मागा

महोदय,

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की नागपुरातल्या कॉलेजांमधून एकच दृश्य दिसतं. विद्यार्थी स्वतःचा लॅपटॉप उघडतो, नेटबीन्स या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधलं हिरवं बटण दाबतो, प्रोग्राम चालतो, गुण पडतात. माझी सूचना अशी, की परीक्षकांनी ते हिरवं बटण बघूच नये. सेटअपची फाइल मागावी. जावा, म्हणजे हे प्रोग्राम ज्याच्या जोरावर चालतात ते सॉफ्टवेअर, नसलेल्या कोऱ्या विंडोज संगणकावर विद्यार्थ्यानं ती चढवावी, प्रोग्राम चालवावा आणि नंतर काढूनही दाखवावा.

मी कळमना बाजारातल्या अडत्यांना हिशेबाचे प्रोग्राम करून देतो. कोणाच्या तरी भाच्यानं कॉलेजात केलेले प्रकल्प तिथे गादीवर येऊन पोचतात. असाच एक संत्र्याच्या आवकेचा होता. हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी काढायचा, हिशेब एकदम चोख. पण दिला होता नुसत्या जार फाइलीच्या रूपात, म्हणजे जावा असेल तरच चालणाऱ्या गठ्ठ्यात. मुनीमजींनी डबल क्लिक केलं की विनरार उघडायचं आणि आतल्या क्लास फाइलींची लांबलचक यादी समोर यायची. संगणकावर जावाच नव्हतं. भाचा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला. पट्ट्या पुन्हा कार्बन लावून हातानं सुरू झाल्या.

यात पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. पदविकेला खिडक्या-बटणांसाठी स्विंग शिकवतात, डेटाबेस जोडायला जेडीबीसी शिकवतात, पण केलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या टेबलावर कसा पोचवायचा हे कोणी विचारतच नाही. पूर्वी ‘आधी जावा टाकून घ्या’ म्हटलं की भागायचं. 2018 साली आलेल्या जावा 11 पासून ओरॅकलनं वेगळं जेआरई, म्हणजे प्रोग्राम चालवण्यापुरतं जावा, देणं बंद केलं. आता ते चालवणारं जावा, म्हणजे रनटाइम, आपणच प्रोग्रामसोबत द्यायचा. त्यासाठी लागणारं जेपॅकेज हे साधन जेडीकेमध्येच, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या जावा संचातच, फुकट मिळतं. 2020 मध्ये ते जेडीके 14 सोबत प्रायोगिक म्हणून आलं, 2021 मध्ये जेडीके 16 मध्ये पक्कं झालं. जोडीला विंडोजचे सेटअप बनवणारा विक्स टूलसेट टाकला की एमएसआय किंवा ईएक्सई सेटअप फाइल तयार होते, स्टार्ट मेन्यूतल्या नोंदीसकट. फक्त हे काम विंडोजवर बसूनच करावं लागतं, लिनक्सवरून विंडोजचा सेटअप निघत नाही.

खरं शिक्षण पुढे आहे. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, म्हणजे डेटाबेसची फाइल तिथे ठेवणाऱ्याचा प्रोग्राम पहिल्याच पट्टीला अडतो. सेटअप लहान व्हावा म्हणून जेलिंक या जेडीकेतल्याच साधनानं रनटाइम छाटताना जेडीके.लोकेलडेटा हे भाषांची माहिती असलेलं मॉड्यूल सुटलं, तर तारखेतली मराठी महिन्यांची नावं गायब. नव्या आवृत्तीचा क्रमांक वाढवला पाहिजे आणि अपग्रेडची ओळख (हा तोच प्रोग्राम आहे हे विंडोज ज्यावरून ताडतं तो कोड) मात्र जुनीच ठेवली पाहिजे, नाहीतर एकाच संगणकावर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात आणि मुनीमजी नेमकी जुनी उघडतात. हे सगळं परीक्षकासमोर कोऱ्या संगणकावर दहा मिनिटांत उघडं पडतं. लॅपटॉपवर कधीच पडत नाही.

एका बाबतीत मात्र सूट द्यावी. इंटरनेटवरून उतरवलेला, डिजिटल सही नसलेला सेटअप चालवला की विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची धोक्याचा इशारा देणारी निळी पाटी येऊ शकते. सही करायला कोड सायनिंगचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं आणि जून 2023 पासून त्याची खासगी किल्ली, म्हणजे सही करणारा गुप्त कोड, हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. हा खर्च विद्यार्थ्यावर टाकू नये. पाटी का आली एवढं त्याला सांगता आलं तरी पुरे.

‘अभ्यासक्रमात वेळ कुठे आहे?’ असं प्राध्यापक मंडळी म्हणतील. प्रकल्प अहवालाच्या काळ्या जिल्दीवर सोनेरी अक्षरं छापून घ्यायला वेळ असतो, बाप्पा! त्या ब्लॅक बुकातल्या डेटा फ्लो डायग्रामांची चार पानं कमी करा आणि त्या जागी सेटअप बनवायची आज्ञा नि कोऱ्या संगणकावरचा स्क्रीनशॉट लावायला सांगा.

कोणत्या कॉलेजला कोरा संगणक मिळत नसेल, तर माझ्याकडे विंडोज 10 चा एक जुना डेस्कटॉप पडून आहे. परीक्षेपुरता न्या. त्यावर जावा नाही, एवढी हमी देतो.

आपला,
कळमन्यातला एक सॉफ्टवेअरवाला, नागपूर