डीएनएस बदलला म्हणून फोन जप्त करून काय साधते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या वाय-फायवर फिल्टर असूनही मुले नको त्या संकेतस्थळांवर पोहोचतात, ही तक्रार वारंवार ऐकू येते. खोलात गेले की बऱ्याचदा एकच गोष्ट सापडते. फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये शाळेच्या डीएनएस सर्व्हरऐवजी गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा सार्वजनिक डीएनएसचा पत्ता घातलेला असतो. मग फोन जप्त होतो, पालकांना बोलावणे जाते. पण एका सेटिंगने जो फिल्टर निकामी होतो, तो मुळात अर्धवटच बसवलेला असतो. तो पुरता बसवायला बहुतेक ठिकाणी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, म्हणून हे पत्र.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. शाळेचा फिल्टर अनेकदा याच टप्प्यावर अडवतो, म्हणजे यादीतल्या नावाचा पत्ताच देत नाही. कोणत्या सर्व्हरला विचारायचे हे राउटर डीएचसीपीतून, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या यंत्राला आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेतून, प्रत्येक यंत्राला कळवतो. ती फक्त सूचना असते, यंत्राने ती मानलीच पाहिजे असे नाही. सक्ती फायरवॉलमध्ये, म्हणजे आत-बाहेर जाणारी वाहतूक नियमांनी अडवणाऱ्या यंत्रणेत, करावी लागते आणि नेमके तेच राहून जाते.

त्याआधी एक ढोबळ चूक पाहावी. डीएचसीपीत डीएनएससाठी दोन रकाने असतात. पहिल्यात फिल्टरचा पत्ता आणि दुसऱ्यात 'असू दे अडीअडचणीला' म्हणून ८.८.८.८ घातलेला हमखास दिसतो. पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जातो, हा समज चुकीचा आहे. पहिल्याकडून उत्तर यायला थोडा उशीर झाला तरी यंत्रे दुसऱ्याकडे वळतात, काही तर दोघांनाही विचारतात. म्हणजे मुलांनी काहीही न बदलता फिल्टर अधूनमधून गळतो. दोन्ही रकान्यांत फिल्टर असलेलेच सर्व्हर हवेत, नाहीतर दुसरा रकाना रिकामा ठेवावा.

आता फायरवॉल. साधा डीएनएस पोर्ट ५३ वर (पोर्ट म्हणजे प्रत्येक सेवेचा ठरलेला दार-क्रमांक) चालतो, यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींवर. शाळेचा डीएनएस सर्व्हर सोडून आतल्या इतर कोणत्याही यंत्राकडून ५३ वर बाहेर जाणारी विचारणा नॅटच्या (पत्ता बदलण्याच्या) नियमाने त्याच सर्व्हरकडे वळवावी. नुसती अडवली तरी चालते, पण वळवणे अधिक सोयीचे. ज्याने ८.८.८.८ घातला आहे त्याचे इंटरनेट चालू राहते, फक्त उत्तर शाळेच्या फिल्टरमधून येते. सर्व्हरच्या स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या विचारणा या नियमातून वगळायला विसरू नये. नाहीतर त्या फिरून त्याच्याचकडे येतात आणि साऱ्या शाळेचे इंटरनेट ठप्प होते.

इथे आणखी एक अडचण येते आणि ती पटकन उमगत नाही. डीएनएस सर्व्हर आणि मुलांची यंत्रे एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) असतील, तर सर्व्हर राउटरला वळसा घालून थेट यंत्राला उत्तर देतो. यंत्राने विचारलेले असते ८.८.८.८ ला आणि उत्तर येते समजा १९२.१६८.१.२ कडून. अनोळखी पत्त्यावरून आलेले उत्तर यंत्र फेकून देते. नियम बरोबर दिसतो, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी वळवलेल्या विचारणांवर मास्करेडचा नियम लावावा, म्हणजे त्या राउटरच्याच पत्त्याने सर्व्हरकडे जातात, किंवा सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच जाळ्यातल्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवावा. मास्करेडमध्ये सर्व्हरच्या नोंदींत सगळ्या विचारणा राउटरकडूनच आल्यासारख्या दिसतात, म्हणून व्हीलॅन बरा.

तपासणी सोपी आहे. एखाद्या लॅपटॉपवरून एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा चालवून १९२.०.२.१ ला कोणतेही नाव विचारावे. हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथे सर्व्हर नसतो. तरीही उत्तर आले तर वळवणी चालू आहे.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आली. ती पोर्ट ८५३ वरून कूटबद्ध विचारणा करते. 'ऑटोमॅटिक' असताना फोन आधी ८५३ वर प्रयत्न करतो आणि जमले नाही तर मुकाट्याने ५३ वर येतो. पण एखाद्या सर्व्हरचे नाव हाताने घातलेले असेल तर फोन माघार घेत नाही. ८५३ बंद असेल तर वाय-फाय जोडलेले दिसते आणि इंटरनेट मात्र नसते. 'शाळेचे वाय-फाय बिघडले' अशी तक्रार आली तर हे सेटिंग आधी पाहावे. ८५३ टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर बंद करावा, आणि तोही 'ड्रॉप' (गुपचूप टाकून देणे) करून नव्हे, 'रिजेक्ट' (स्पष्ट नकार देणे) करून. नकार लगेच कळला तर यंत्र ताटकळत नाही.

खरे अवघड प्रकरण म्हणजे डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (डीओएच), म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांसारख्याच कूटबद्ध जोडणीतून जाणारा डीएनएस. तो ४४३ वरून जातो आणि सगळी सुरक्षित संकेतस्थळेही त्याच पोर्टवर चालतात, त्यामुळे तो पोर्ट बंद करता येत नाही. मात्र ब्राउझर बनवणाऱ्यांनी काही सोयी ठेवल्या आहेत. 'यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट' या नावाला शाळेच्या सर्व्हरने 'असे नाव नाही' असे उत्तर दिले, की फायरफॉक्स आपणहून चालू केलेली ही सेवा बंद ठेवतो. मुद्दाम चालू केली असेल तर तो जुमानत नाही. ॲपलच्या प्रायव्हेट रिले या ब्राउझिंग लपवणाऱ्या सेवेसाठी 'मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम' आणि 'मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम' या दोन नावांना तसाच नकार द्यावा. सर्व्हरने गप्प बसू नये, नाहीतर फोन उत्तराची वाट पाहत राहतो. शाळेच्या मालकीच्या संगणकांवर क्रोम आणि फायरफॉक्सच्या पॉलिसीतून ही सेवा कायमची बंद करता येते. मुलांच्या स्वतःच्या फोनवर तो अधिकार शाळेला नाही. तिथे सार्वजनिक डीओएच सर्व्हरांची यादी अडवणे एवढेच हाती राहते, आणि ती यादी कधीच पूर्ण नसते. सगळी वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणाऱ्या व्हीपीएनपुढे तर डीएनएस फिल्टरचे काहीच चालत नाही. विक्रेता शंभर टक्क्यांची हमी देत असेल तर त्याला डीओएचचे काय आणि व्हीपीएनचे काय, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर वरचे सगळे नियम त्यासाठी पुन्हा लिहावे लागतात. तिथे डीएनएसचा पत्ता राउटर अॅडव्हर्टाइजमेंटमधूनही (राउटर सगळ्या यंत्रांना पाठवतो त्या सूचनेतूनही) येतो आणि आयपीव्ही४ चे नियम त्याला लागू होत नाहीत. तेवढी तयारी नसेल तर मुलांच्या व्हीलॅनवर आयपीव्ही६ तूर्त बंद ठेवावे.

डीएनएस बदलणारा प्रत्येक जण पळवाट शोधत असतो असेही नाही. घरी मुलासाठी १.१.१.३ हा प्रौढ मजकूर गाळणारा डीएनएस पालकांनीच लॅपटॉपवर घातलेला असतो. शाळेत वाय-फायचे लॉगिन पान उघडत नाही, कारण लॉगिनआधी बाहेरचा डीएनएस पोहोचतच नाही. लॉगिन झालेच आणि फायरवॉलने ती विचारणा वळवली नाही, तर शाळेतल्या प्रिंटरचे किंवा अभ्यासाच्या सर्व्हरचे नाव सापडत नाही, कारण ती नावे शाळेबाहेर कोणालाच ठाऊक नसतात. पालकांनी हे पत्ते मुलाच्या यंत्रात न घालता घरच्या राउटरमध्ये घालावेत. अँड्रॉइडवर एखाद्या वाय-फायपुरता डीएनएस बदलायचा तर आयपी सेटिंग 'स्टॅटिक' करावी लागते. त्यात फोनचा पत्ताही गोठतो. तोच पत्ता डीएचसीपीने दुसऱ्या यंत्राला दिला की दोघांचेही इंटरनेट अडखळते, आणि दोष जातो राउटरकडे.

मुले डीएनएसला हात का घालतात, याचेही एक कारण शाळेकडेच असते. फिल्टर फक्त नाव पाहतो, पान पाहत नाही, त्यामुळे एका आक्षेपार्ह पानापायी अख्खे संकेतस्थळ बंद होते आणि प्रकल्पाचा मजकूर त्यातच अडकतो. शोधयंत्रे बंद करण्याची तर गरजच नाही. गूगलच्या नावाला 'फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉम' आणि यूट्यूबच्या नावाला 'रिस्ट्रिक्ट डॉट यूट्यूब डॉट कॉम' हा पर्याय सर्व्हरवर जोडला की सुरक्षित शोध सक्तीचा होतो. संकेतस्थळ खुले करण्याची विनंती कोणाकडे करायची आणि ती किती तासांत निकाली निघेल, हे संगणक कक्षाबाहेर लिहून लावावे. खुले केल्यावरही जुने उत्तर यंत्रात काही काळ साठून राहते. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवले की ते जाते.

अडवलेल्या संकेतस्थळाऐवजी 'हे बंद आहे' असे पान दाखवण्याचा मोहही टाळलेला बरा. एचटीटीपीएसवर ते पान येण्याऐवजी प्रमाणपत्राचा इशारा येतो, आणि 'दुर्लक्ष करून पुढे जा' हे मुलांच्या अंगवळणी पडते. सरळ 'नाव सापडत नाही' हेच उत्तर द्यावे.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. कोणत्या यंत्राने कोणते नाव विचारले हे सगळे सर्व्हरवर उमटते. त्यात एखाद्या मुलाचे आजारपण किंवा घरची अडचणही उघडी पडू शकते. बिघाड शोधायला आठवडाभराच्या नोंदी पुरतात. त्याहून जुन्या आपोआप पुसल्या जातील असे सेटिंग करावे, आणि त्या पाहण्याचा अधिकार कोणाला, हे शाळेने पालकांना लेखी कळवावे.

आपला,
शालेय नेटवर्कची देखभाल करणारा एक वाचक