बोंजूर-हाय

मॉन्ट्रियल, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

सव्वा वर्षात चार ओळी लिहिल्या नाहीत. कारण सांगत नाही, तुला खरं वाटणार नाही. गुडघा ठीक, साखर काबूत, बर्फ अजून आहे.

परवा जे झालं ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं?" म्हणून तुला लिहितोय.

इथे दुकानात पाय टाकला की "बोंजूर-हाय" ऐकू येतं, फ्रेंच नमस्काराला इंग्रजी जोडलेला. ज्या भाषेत उत्तर द्याल त्या भाषेत पुढची खरेदी. सोय झाली की नाही? तर 2017 मध्ये इथल्या, म्हणजे फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या, विधानसभेने ठराव केला, की दुकानदारांनी नुसतं "बोंजूर" म्हणावं. तोही एकमताने! 1977 चा भाषेचा कायदा तर तुला घरचाच वाटेल. पाटीवर दुसरी भाषा चालते, पण फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी. तुमच्या कर्नाटकातल्या पाट्यांवरच्या 60 टक्के कन्नडच्या सक्तीची थोरली बहीणच. 2013 मध्ये एका इटालियन हॉटेलच्या मेनूवरच्या 'पास्ता' या शब्दालाच तपासनिसाने हरकत घेतली. चौकातल्या लाल पाटीवर खुद्द फ्रान्समध्ये 'स्टॉप' असतं, इथे मात्र फ्रेंचमध्ये. उच्चार 'आरे'. पहिले सहा महिने प्रत्येक चौकात कुणीतरी मला "अरे!" म्हणून हटकतंय असं वाटायचं.

तर या गावात अकरा वर्षं मी फ्रेंच बोलायचा प्रयत्न करतोय. वाक्य जुळवून नेतो, क्रियापदं तपासतो, आणि तोंड उघडलं की माझा 'र' पुण्यातच राहिलेला असतो. समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. तुसडेपणाने नाही रे, मायेने. बिचाऱ्याला त्रास नको म्हणून. त्या मायेनेच जास्त लागतं. कुणी खेकसलं असतं तर मी भांडलो तरी असतो. वर्गात यावर मी तासभर बोलतो. भाषा बदलणं म्हणजे समोरच्याला जागा दाखवणं वगैरे. मुलं माना डोलावतात.

गुरुवारी एक नवा मुलगा खोलीत आला. दारावरचं आडनाव वाचून असणार. उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, बिझी नाही न्हवं? आई फोनवर रोज विचारायली, मराठी कोण भेटलं काय म्हणून." खानापूरकडचा. बाळ्या, तुझाच हेल, शेवटाला तसाच वर जाणारा. आणि मी काय म्हणालो असेन? "प्लीज, हॅव अ सीट." पुढची वीस मिनिटं इंग्रजीत. त्यानेही मुकाट्याने भाषा बदलली. प्रबंधाचा विषय, तारखा, सगळं व्यवस्थित झालं. जाताना "थँक यू, प्रोफेसर" म्हणाला. सर नाही.

सवय म्हणावं, तर त्याच दिवशी दुपारी नाशिकच्या एका बाईंशी मी तासभर मराठीत गप्पा मारल्या होत्या.

होस्टेलचा पहिला दिवस आठवतोय ना? तू दारात उभा राहून म्हणालास, "काय करायलास?" आणि मी म्हणालो, "कुछ नहीं, पढ रहा हूँ." तीन आठवडे तू माझ्याशी बोलला नाहीस. मेसमध्ये वरणाचं पातेलं माझ्यापुढून उचलून जाड्याकडे सरकवायचास. मी सगळ्यांना शपथेवर सांगत फिरलो, की अरे, त्याला सोपं जावं म्हणून हिंदीत बोललो, याला राग कसला आला! तू फक्त एकदा म्हणालास, "माझं मराठी तुला ऐकू आलं नाही काय?" मला तो आगाऊपणा वाटला होता. (माझी सायकल तू विकलीस तो विषय वेगळा. तो मिटलेला नाही.)

मंगळवारी तो मुलगा परत येणार आहे. आता एकदम मराठीत सुरुवात केली तर त्याला कीव केल्यासारखं वाटेल. इंग्रजीच चालू ठेवली तर कायमची तीच राहील. शुक्रवारपासून आरशासमोर "ये की, बस" म्हणून बघतोय. तुझी नक्कल केल्यासारखं होतंय.

घराचा स्लॅब पडला का? मुलीच्या बारावीचं काय झालं? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना नमस्कार. वहिनींना सांग, लोणचं विमानात अडवलं नाही.

आणि एक सांग. तीन आठवड्यांनंतर आधी कोण बोललं, तू की मी? मला काही केल्या आठवत नाही. आणि काय बोललं ते आठवत असेल, तर मंगळवारच्या आत कळव.

तुझा,
पढ रहा हूँ