गाडी भंगारात, आरसी मोकाट

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळ्यात ठाण्याच्या वंदना डेपोजवळ किंवा बेलापूरच्या सखल सेक्टरांत पाणी भरलं की गॅरेजांच्या दारात टोचन करून आणलेल्या गाड्यांची रांग लागते. त्यातल्या काही ‘टोटल लॉस’ ठरतात. मालक शेवटचं बघायला येतात, डॅशबोर्डवरचा गणपती आठवणीने काढून घेतात. नंबरप्लेट मात्र तशीच सोडतात आणि गाडी नावावर करून देण्याच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होतात. खरी भानगड तिथून सुरू होते.

टोटल लॉस म्हणजे गाडीचा चेंदामेंदा झाला असंच नाही. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनीच्या लेखी गाडी संपली. १० लाखांची गाडी चौथ्या वर्षात असेल, तर ४० टक्के घसारा जाऊन आयडीव्ही ६ लाख. म्हणजे साडेचार लाखांच्या पुढचं एस्टिमेट आलं की विषय संपला. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेलं असेल तर वायरिंग हार्नेस, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॅगचं मॉड्यूल, सीट, कार्पेट हे सगळं नवं घालताना कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हा आकडा सहज गाठला जातो. बाहेरचा मिस्त्री तीच गाडी बऱ्याच कमी पैशांत चालू करतो. म्हणून तर तिला गिऱ्हाईक असतं.

नुकसान मोजणारा सर्व्हेअर रेकसाठी, म्हणजे त्या निकामी गाडीसाठी, बोली मागवतो. भाव दोन येतात, ‘विथ आरसी’ (नोंदणी प्रमाणपत्रासह) आणि ‘विदाऊट आरसी’. समजा, विथ आरसी १ लाख ८० हजारांची बोली लागली. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे मालकाने सोसायचे सक्तीचे १००० रुपये कापून कंपनी ४ लाख १९ हजार देते (कर्ज असेल तर आधी बँकेला), उरलेले १ लाख ८० हजार बोलीवाला देतो. बेरीज चोख जुळते, त्यामुळे गाडी कोण नेतोय, कशाला नेतोय हे कुणी विचारत नाही.

पण नुसत्या कागदाने भाव का चढावा? सरळ उत्तर असं की दुरुस्त करून विकता येते. वाकडं उत्तर: त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिचा चेसिस नंबर घासायचा आणि रेकचा १७ आकडी-अक्षरी नंबर ठोकायचा; नाहीतर नंबर असलेला पत्र्याचा तुकडाच कापून वेल्ड करायचा. कागद अस्सल, गाडी चोरीची. ‘ही गाडी एकदा टोटल लॉस झाली होती’ असा शेरा आपल्या आरसीवर मारलाच जात नाही, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकालाही पत्ता लागत नाही.

आणि गाडी कागदावर तुमचीच असते. क्लेमबरोबर पॉलिसी सहसा बंद झालेली. त्या नंबरच्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस नोंदणीकृत मालकाला येते. फॉर्मवर सह्या झाल्या होत्या, गाडी दुसऱ्याकडे होती, ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात ते स्पष्ट केलं आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करावी. हे किती जण करतात? विमा कंपन्याही क्लेमच्या कागदपत्रांत याचा आग्रह धरताना फारशा दिसत नाहीत. आमची मागणी एवढीच, की आरसी रद्द झाली किंवा नव्या मालकाच्या नावावर चढली, याचा पुरावा मिळाल्याशिवाय कंपनीने रेक हलवू देऊ नये.

तोवर मालकाने स्वतःच बघावं. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. थकलेली ई-चलनं भरा, फास्टॅग बंद करा. गाडी खरंच संपली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथलं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) मिळालं की नोंदणी रद्द करून घेता येते. रस्त्याकडेचा भंगारवाला दोन पैसे जास्त देईल, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बॅटरी, एसीचा कॉम्प्रेसर काढून सांगाडा गॅस कटरने कापल्यावर चेसिस नंबरचा तुकडा कुठे गेला, हे तो सांगणार नाही. दुरुस्तीसाठी विकत असाल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करा आणि नाव बदललेलं सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक करावं: सीटबेल्ट अगदी शेवटच्या टोकापर्यंत ओढून बघावा. कार्पेट बदलतात, सीट धुतात, पण रीळात गुंडाळलेल्या पट्टीवर गाळाची रेघ बऱ्याचदा राहून जाते. बेल्टच्या लेबलवरची तारीख गाडीच्या वयाशी जुळत नसेल, तर बेल्ट नंतर, कदाचित अपघातामुळे, बदललेला असू शकतो; मग एअरबॅगही तपासून घ्याव्यात. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण आणि छोटा रेझिस्टर बसवला की डॅशबोर्डवरचा दिवा गुमान विझतो.

आणि रेक ताब्यात देताना पावती घ्या. तिच्यावर चेसिस नंबर, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि तारखेबरोबर वेळही हवी, कारण ई-चलनावर वेळ छापलेली असते आणि त्यानंतरचं चलन तुमचं नाही हे दाखवता येतं.

— एक मोटार सर्व्हेअर, ठाणे