करारावर साक्षीदाराची सही माझी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला विजेंदर सिंगवरचा लेख वाचला. 2008 चं बीजिंग ऑलिंपिकमधलं कांस्य, 2015 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगकडे वळणं, मग ओळीने 12 विजय. वाचताना ऊर भरून आला. फक्त 2021 चा गोव्यातला पहिला पराभव एका ओळीत आटोपला, याची रुखरुख लागली. आमच्या गावातली पोरं तो अंक घरोघर फिरवताहेत, म्हणून लिहितो.

माझा पुतण्या बॉक्सर आहे. बाप कास्तकार, पाच एकर कोरडवाहू. वावरातल्या कडुनिंबाला चिंध्या ठासलेलं बारदान टांगून पोरगं शिकलं. हाताच्या पट्ट्या त्याची आई रोज धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घालायची. हौशी स्पर्धेत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. तेवढ्याचाच त्याला सराव. गेल्या वर्षी एका आयोजकाने सहा फेऱ्यांच्या व्यावसायिक लढतीसाठी करार पुढे केला. इंग्रजी चार पानं. मी क्रीडाशिक्षक, तरी न वाचता साक्षीदार म्हणून सही केली.

चौथ्या फेरीत कानशिलावर ठोसा बसला. पोरगं पडलं, उठलं, पुन्हा खेळलं. रात्री एसटीत ओकत घरी आलं. ठरलेल्या पैशांतले निम्मेच मिळाले. डोक्याचं स्कॅन आम्ही घरचं सोयाबीन विकून केलं. 'मोठेबाबा, मले काई नाही झालं,' म्हणायचा. पण महिनाभर शर्टाची बटणं लावताना त्याची बोटं चाचपडत होती.

महंमद अलीची शेवटची लढत 1981 ची, आणि 1984 मध्ये पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचं निदान झालं. त्याच अलीसमोर 1980 मध्ये दिल्लीत प्रदर्शनीय लढत खेळलेल्या, 1982 च्या आशियाई सुवर्णविजेत्या कौर सिंग यांना उतारवयात उपचारांसाठी कर्ज काढावं लागलं. हेही पोरांनी वाचायला हवं.

पोरांनी खेळू नये असं मी म्हणत नाही. नागपूरच्या बॉक्सर अल्फिया पठाणने 2021 मध्ये युवा जागतिक सुवर्ण आणलं, त्याचा मला आजही अभिमान आहे. आपण एवढंच छापा: सही करण्याआधी काय विचारायचं. रिंगशेजारी डॉक्टर कोण? ठोसा लागला तर स्कॅनचा खर्च कोणाचा? पैसे कधी आणि कसे मिळणार? आणि करार मराठीत मागायचा.

पुतण्या परवापासून पुन्हा बारदानापुढे उभा राहतो आहे. दुसरा करार आला आहे. तो माझ्या टेबलावर आहे, या वेळी मी एकेक ओळ वाचतो आहे.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ