विषय: खनिज ओळखणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार आणि पैसे परत करण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या सपोर्टशी झालेल्या बोलण्यानंतर पुन्हा फोन करणार नाही. आता जे काही असेल ते लेखीच.

आमच्या प्रयोगशाळेत काँक्रीटसाठीच्या खडीची तपासणी होते. खडी बहुतेक पुण्याच्या आसपासच्या खाणींतली, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी केलेल्या त्याच्या ०.०३ मिमी जाडीच्या कापात तुमचं सॉफ्टवेअर प्लॅजिओक्लेजच्या (फेल्डस्पार गटातल्या खनिजाच्या) लांबट पट्ट्यांना क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, म्हणतं. या जाडीला क्रॉस्ड पोलर्समध्ये, म्हणजे कापाच्या खाली आणि वर एकमेकांना काटकोनात दोन ध्रुवक लावून पाहिलं की, दोन्ही खनिजं करडी-पांढरी दिसतात, हे मान्य. पण प्लॅजिओक्लेजमधले जुळ्या स्फटिकांचे काळे-पांढरे पट्टे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखतो. तुमच्या यंत्राला बहुधा क्वार्ट्झ आणि बायोटाइट (काळपट अभ्रक) असलेला ग्रॅनाइटच दाखवून शिकवलंय. बेसाल्टमधलं ऑलिव्हिन हे खनिज बदलून झालेल्या तांबूस इडिंगसाइटला ते बायोटाइट म्हणतं, तेही त्यामुळेच असावं.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. क्रॉस्ड पोलर्समध्ये स्टेज, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची काप ठेवायची तबकडी, पूर्ण फिरवली की प्लॅजिओक्लेजचा किंवा ऑजाइटचा (बेसाल्टमधल्याच दुसऱ्या खनिजाचा) कण चार वेळा काळा होतो. तुमचं सॉफ्टवेअर एकाच स्थितीतला एकच फोटो घेतं आणि त्या क्षणी काळे असलेले सगळे कण 'अपारदर्शक खनिज' म्हणून मोजतं. खरोखरच अपारदर्शक असलेला मॅग्नेटाइट अ‍ॅनालायझर (वरचा ध्रुवक) काढल्यावरही काळाच राहतो, एवढं तपासलं असतं तरी हा घोळ टळला असता. तोच काप थोडा फिरवून ठेवला की टक्केवारी बदलते. दगड तोच, काप तोच, रिपोर्ट वेगळा!

हे मी तुमच्या प्रतिनिधीला शांतपणे समजावलं. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिम ९६ टक्के कॉन्फिडन्स दाखवतेय ना? मग ते क्वार्ट्झच आहे." मी म्हटलं, मला समोर जुळे पट्टे दिसतायत. त्यावर, "तुमच्याकडे जिऑलॉजिस्ट सर असतील ना, त्यांना फोन द्या." मी म्हटलं, जिऑलॉजिस्ट मीच आहे. मग बराच वेळ गाणं वाजत राहिलं. परत आल्यावर तो म्हणाला, "मग तुमचं सॅम्पलच चुकीचं असेल." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट चुकीचा आणि तुमचं मागच्या महिन्यातलं अपडेट बरोबर! शेवटी सल्ला मिळाला, "स्टेज फिरवू नका मॅडम, फिरवलं की रिझल्ट बदलतो." ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाची गोल स्टेज फिरवण्यासाठीच असते. ती फिरवू नका असं सांगणाऱ्या माणसाला तुम्ही खनिजशास्त्राच्या सपोर्टवर बसवलंय, आणि तो मला विचारतो, सर आहेत का?

हा मानापमानाचा प्रश्न आहेच, पण तेवढाच नाही. आमच्या एका नमुन्यात पोकळ्यांमध्ये कॅल्सेडनी (अतिसूक्ष्म स्फटिकांची सिलिका) भरलेली होती आणि तुमच्या सॉफ्टवेअरने ती फेल्डस्पारमध्ये जमा केली. कॅल्सेडनीची सिमेंटमधल्या अल्कलीशी अभिक्रिया होते, तयार झालेला जेलीसारखा पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि काही वर्षांनी काँक्रीट तडकतं. आयएस २३८६ या भारतीय मानकाच्या आठव्या भागात खडीची शिलापरीक्षा सांगितली आहे ती असले घटक सापडावेत म्हणूनही. मी स्वतः काप पाहिला म्हणून ती खडी थांबली. जिथे कोणी पाहत नसेल तिथे तुमचा रिपोर्ट सही होऊन पुढे जात असेल. सुंदर रंगीत रिपोर्ट, ९६ टक्के खात्रीचा.

फोटोवरून खनिज ओळखण्याच्या कल्पनेला माझा विरोध नाही. कण मोजत तासन्‌तास बसण्याचा वेळ वाचेल म्हणून मीच संस्थेकडे या खरेदीचा आग्रह धरला होता. साधा आणि क्रॉस्ड, दोन्ही प्रकाशांत, वेगवेगळ्या कोनांतले फोटो एकत्र तपासले तर यातल्या बऱ्याच चुका टळतील, हे तुम्हाला माहीत असणारच. तरीही एका फोटोवर चालणारी वस्तू 'कोणत्याही दगडासाठी' म्हणून विकलीत, याचं जास्त वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत सॉफ्टवेअरचे पूर्ण पैसे परत करा. ते कोणत्या दगडांच्या कापांवर शिकवलं आहे, त्यात दख्खनचा बेसाल्ट होता की नाही, हे लेखी कळवा. आणि स्टेज फिरवू नका हा सल्ला कंपनीचा अधिकृत आहे का, तेही कळवा. नाहीतर वकिलांची नोटीस येईल आणि हेच काप, तुमच्या रिपोर्टसकट, पुणे, मुंबई आणि नागपूरच्या भूशास्त्र विभागांना मी स्वतः नेऊन दाखवीन. उत्तर सही-शिक्क्याच्या पत्रानेच पाठवा, फोन करू नका.

प्रमुख, शिलापरीक्षण प्रयोगशाळा