डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलीस येतील का?

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न. वि. वि.

काकांना डेंगी झाला म्हणून इंदूरच्या एका दवाखान्यात भरती केलं. दुसऱ्या दिवसापासून जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब. पाय कुणी पिळतंय असं म्हणायचे. डॉक्टर एकामागून एक तपासण्या लिहीत होते आणि आम्ही खाली मान घालून उभे. काकांची अफू बंद पडली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोलीस केसच्या धास्तीनं कुणी तोंड उघडलं नाही.

काका मंदसौरला मास्तर होते. तिथं जुलाबावर म्हणून कुणीतरी मुगाएवढी गोळी दिली. जुलाब थांबले, गोळी राहिली. काही वर्षांत ती हरभऱ्याएवढी झाली. कायमचं बद्धकोष्ठ, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, दुपारची पेंग. आम्ही याला काकांचा स्वभाव समजायचो!

बारा दिवसांनी घरी आले आणि त्याच रात्री जुन्या मापाची गोळी घेतली. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते. पूर्वी पचणारी मात्रा मग श्वास मंद करते. रात्री घोरणं ऐकून आम्हाला बरंच वाटलं, गाढ झोप लागली म्हणून. पहाटे काकू उठवायला गेल्या.

पुढे वकील भाच्यानं दाखवलं, 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात, कलम 64ए आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणातल्या अंमली पदार्थाच्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. अफूचं अल्प प्रमाण म्हणजे 25 ग्रॅम. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

साहेब, नीमचला अफूचा सरकारी कारखाना, ग्वाल्हेरला सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय. शेतकऱ्याच्या अफूच्या पिकाचं वजन काटेकोर होतं. मग माळव्यातल्या प्रत्येक दवाखान्यात हे कलम साध्या हिंदीत भिंतीवर का लागू नये? भरतीच्या कागदावर बीपी-शुगरच्या शेजारी ‘अफू, डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा) घेता का?’ एवढं विचारा. ‘हो’ म्हणणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधावर हळूहळू उतरवता येतं. घरी सोडताना जुनी मात्रा जीव घेईल, हे बजावा. आणि श्वास परत आणणारं नॅलोक्सोन 108 च्या गाडीत असू द्या.

काकांची पितळी डबी अजून कपाटात आहे. ती कुठे जमा करायची, हे विचारायलाही आम्ही घाबरतो.

आपली,
जुनी इंदूरमधली एक पुतणी