आई, तू विचारलंस त्याचं उत्तर

प्रिय आई,

जय ख्रिस्त.

काल फोनवर तू मधेच विचारलंस, "तिथं गेल्यावर तुझे पप्पा मला ओळखतील का गं?" आणि मी काही बोलायच्या आत लाईट बिलाचं काढलंस. मला ड्युटीला निघायचं होतं आणि हे काही बस पकडता पकडता सांगायचं काम नाही, म्हणून आज सुट्टी आहे तर निवांत बसून लिहितेय. दादाला सांग मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण, मोबाईलवर वाचत बसू नकोस, डोळे दुखतात तुझे.

आधी उत्तर सांगते, बाकीचं मग. हो आई, ओळखतील. माझा पक्का विश्वास आहे, आणि तो तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, वचनात जे आहे त्याच्यावरून सांगतेय.

तुझ्या डोक्यात हे कुठनं आलं ते मला माहितेय. पप्पांच्या प्रार्थनेला आलेल्या कुणीतरी तुला ऐकवलं ना, की पुनरुत्थानात लग्न करत नाहीत नि लग्न करून देत नाहीत असं प्रभू येशूच म्हणालाय, मग तिथं कोण कुणाचा नवरा नि कोण कुणाची बायको. ते वाक्य आहेच, मत्तयाच्या २२व्या अध्यायात. पण सांगणाऱ्यांनी अर्ध्यात सोडलं. सदूकी म्हणजे त्या काळचा एक यहुदी पंथ, ते पुनरुत्थान मानत नव्हते, ते प्रभूला अडकवायला आले होते, सात भाऊ एकामागून एक मेले आणि सगळ्यांनी एकाच बाईशी लग्न केलं तर ती तिथं कुणाची, असा त्यांचा प्रश्न. त्या बाईशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, वाद जिंकायचा होता. प्रभूनं सांगितलं की तिथं लग्नाचा व्यवहार नाही, आणि लूकमध्ये त्याचं कारणही आलंय, की ते पुन्हा मरू शकत नाहीत. पण त्याच बोलण्यात पुढं काय म्हणाला ते वाच, मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव असं देव म्हणतो, आणि तो मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा देव आहे. अगं शेकडो वर्षांपूर्वी गेलेली माणसं आणि देव अजून त्यांची नावं घेतोय, एकेकाचं वेगळं, बाप, मुलगा, नातू. ज्याच्याजवळ याकोब याकोबच राहिला त्याच्याजवळ पप्पा पप्पाच राहणार की. आणि तू तूच. प्रीती कधी अंतर देत नाही, हे तर तुमच्या लग्नातच वाचलं होतं म्हणतेस ना.

दुसरं म्हणजे आपली आशा काय हवेत तरंगणाऱ्या आत्म्याची नाही. आपल्या गल्लीतल्या पद्मशाली काकू, पप्पा गेले तेव्हा आठवडाभर घरात चूल पेटू दिली नाही त्यांनी, पिठलं भाकरी घेऊन यायच्या आणि तुझा हात धरून म्हणायच्या, आत्मा अमर असतो ताई. किती मायेनं म्हणायच्या! त्यांचं मन मोडायचं नाही, पण तू तुझं काय ते नीट धरून ठेव. आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो ते शरीराचं पुनरुत्थान. शरीराचं, आई. प्रभू उठला तेव्हा कबर रिकामी होती, शिष्यांना आधी भूतच वाटलं, तेव्हा त्यानं हातपाय दाखवले, खायला काही आहे का विचारलं आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खाल्ला. थोमाला खिळ्यांच्या खुणा दाखवल्या, म्हणजे शरीर नवं होतं, मरणाच्या पलीकडचं होतं, पण तेच होतं, वधस्तंभावरचंच. आणि मग्दालीया मरीयेचं बघ, रडून रडून डोळे सुजलेले असतील बिचारीचे, समोर उभा राहिला तरी तिला माळी वाटला. मग त्यानं नुसतं "मरीये" म्हटलं. तेवढ्यात ओळखलं तिनं. ओळख आधी त्याच्याकडनं आली, तिला नावानं हाक मारणाऱ्याकडनं, आणि मला वाटतं आपलंही तसंच होणार, आपण पप्पांना शोधत फिरायचं नाही, आपल्या दोघांना ओळखणारा प्रभूच मधे असणार.

आता पप्पांच्या कानांचं. हे मला तुला कधीपासून सांगायचं होतं. चादरीच्या कारखान्यात एवढी वर्षं जेकार्ड लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले, आपल्याकडच्या किती घरातल्या माणसांचे गेलेत, कुणी त्याला आजारसुद्धा म्हणत नाही, काम केलं की कान जायचेच असं सगळे धरून चालतात. मला अजून डोळ्यासमोर दिसतं, चर्चमध्ये ते कायम पेटीजवळ जाऊन उभे राहायचे आणि गाणं सुरू झालं की दोन बोटं पेटीच्या लाकडावर टेकवायचे, हळूच, कुणाला दिसू नये असं. बोटांना कंप लागला की मग तोंड उघडायचे. तरी ओळ मागंपुढं व्हायचीच आणि आवाज मोठा, लहान पोरं हसायची, ते त्यांना ऐकू यायचं नाही हे एक बरं. योहानाच्या ५व्या अध्यायात प्रभू म्हणतो की अशी वेळ येतेय जेव्हा कबरेतली सगळी माणसं त्याची वाणी ऐकतील आणि बाहेर येतील. ऐकतील. मी हे नाईट ड्युटीच्या ब्रेकमध्ये वाचत होते आणि तिथंच थांबले, पुढं वाचवेना. ज्या माणसाला माझी हाक शेजारच्या खोलीतनं कधी ऐकू आली नाही त्याला ही हाक मातीच्या खालनं ऐकू येणार आहे.

पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात हेच बियाण्यावरून समजावतो. त्यानं गहू म्हटलाय, आपण ज्वारी धरू. मामाच्या मंगळवेढ्याच्या रानात तू लहानपणापासून बघितलंयस, पावसाळा सरताना काळ्या मातीत मालदांडीचा दाणा टाकला की तो तिथं तसाच राहत नाही, फुटतो, संपतो, आणि हुरड्याच्या दिवसांत पुरुषभर उंच ताटं उभी असतात. दाणा कुठं आणि ते कणीस कुठं, बघून कुणाला खरं वाटणार नाही की हे त्यातनंच आलं. पण ज्वारीच पेरली तर ज्वारीच येते, दुसरं काही येत नाही. पौलाचं म्हणणं, विनाशी पेरलं जातं नि अविनाशी उठतं, अशक्तपणात पेरलं जातं नि सामर्थ्यात उठतं. आपण पप्पांना त्या दुपारी दफनभूमीत ठेवलं ते टाकून दिलेलं नाही.

मी इथं जर्मनीत गोरलिट्झला आहे ना, इथून जवळच हर्नहुट म्हणून एक छोटं गाव आहे. १७२२ मध्ये मोराव्हियातून धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या लोकांनी वसवलेलं. यंदा ईस्टरला माझ्याबरोबरची केरळची एक नर्स आणि मी तिथं गेलो. अंधारात उठून, थंडी अशी की तुझी चादर कोटावरनं गुंडाळली होती मी. ते लोक ईस्टरची पहाटेची उपासना टेकडीवरच्या दफनभूमीत करतात, १७३२ पासून. वाजवणारे पितळी तुताऱ्या, कर्णे घेऊन पुढं आणि मंडळी मागनं चालत. कबरी कशा तर जमिनीला टेकलेल्या सपाट फरश्या, ओळीनं, जवळजवळ सगळ्या एकसारख्या, कोण शेठ कोण मजूर काही कळत नाही, कुटुंबाप्रमाणे नाही तर जसे जसे लोक गेले त्या क्रमानं ठेवलेले, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला. त्या फरश्यांच्या मधोमध उभं राहून, सूर्य वर येत असताना, पाळक म्हणतात प्रभू उठला आहे, आणि सगळे म्हणतात खरोखर उठला आहे. गेल्या ईस्टरपासून जे जे प्रभूकडे गेले त्यांच्यासोबत आमची सहभागिता कायमची राख अशी प्रार्थना असते त्यात. मी पप्पांचं नाव मराठीत घेतलं, हळू आवाजात. कर्णे वाजले तेव्हा पायाखालची जमीन थरथरली आई, खरंच थरथरते, छातीत जाणवतं. पप्पांना ती उपासना सगळी कळली असती.

माझ्या वॉर्डात मात्र वेगळं. इथं पूर्वीच्या पूर्व जर्मनीत बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे नाहीत. म्हातारी माणसं शेवटच्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडतात. वाईट माणसं नाहीत, फार भली आहेत. पण पुढं काही नाही असं धरलं की माणूस मागचंच मोजत बसतो, काय राहिलं, कोण आलं नाही. मी त्यांचे पाय पुसते, पाणी पाजते आणि मनात प्रार्थना करते. आणि तेव्हा कळतं की आपल्याला केवढं देऊन ठेवलंय, घरात चादरीसारखं रोज वापरातलं होतं म्हणून आपल्याला त्याची किंमत वाटली नाही.

तू विचारशील मग आत्ता कुठं आहेत ते. शेजारी टांगलेल्या चोराला प्रभू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज. पौल म्हणतो इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं. म्हणजे आत्ता प्रभूजवळ, आणि शेवटच्या दिवशी शरीरासकट उठणार. त्या मधल्या काळाचं कसं काय असतं यावर लोक लई वाद घालतात, तू त्यात पडू नकोस. कुणाजवळ आहेत ते माहीत आहे ना, बास.

पिंट्याला पण सांग, त्यानं मागं मला विचारलं होतं आत्या तिथं नुसती गाणीच म्हणत बसायची का, बोअर होईल. त्याला म्हणावं प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय वाच. तिथं माणसं वर उडून जात नाहीत, नवं यरुशलेम वरनं खाली येतं, नवी पृथ्वी असते, नदी असते, बारा महिने फळं देणारं झाड असतं, देवच माणसांत राहायला येतो आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. आणि त्याचे दास त्याची सेवा करतील असं लिहिलंय, म्हणजे काम आहे, पण कान न घेणारं काम. आणि ते त्याचं मुख पाहतील. माझ्यासाठी सगळ्यात मोठं हेच आहे आई. पप्पा भेटतील त्याचा आनंद आहेच पण पप्पांनासुद्धा ज्याच्याकडे बघून आनंद होतोय तो दिसेल. सार्वकालिक जीवन म्हणजे तुला ओळखणं, असं प्रभूनं स्वतःच पित्याला म्हटलंय ना योहान १७ मध्ये, मग ते मेल्यावरच सुरू होतं असं कशाला, पप्पांचं तर कधीच सुरू झालं होतं, शिफ्टवरनं पहाटे येऊन चहा ठेवायच्या आधी शास्त्र उघडून बसायचे तेव्हापासून.

एक राहिलं. रडायचं असेल तर रड. प्रार्थनेत कुणीतरी तुला म्हणालं की विश्वासणाऱ्यांनी रडू नये, मला व्हिडिओ कॉलवर ऐकू आलं आणि भयंकर राग आला होता. लाजराला आता उठवणार हे माहीत असून त्याच्या कबरेशी येशू रडला. पौल थेस्सलनीकाकरांना खेद करूच नका म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका म्हणतो. पुण्याला जाताना गाडी केडगाववरनं जाते तेव्हा तू आम्हाला तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचं सांगायचीस. त्यांची मनोरमा, एकुलती एक लेक, १९२१ मध्ये गेली आणि बाई स्वतः १९२२च्या एप्रिलमध्ये. त्या मधल्या महिन्यांत बाई बायबलच्या मराठी भाषांतराचंच काम करत होत्या. त्या रडल्या नसतील का? आई होत्या. रडतही असतील आणि पुनरुत्थानाच्या ओळी मराठीत उतरवतही असतील, दोन्ही एकाच टेबलावर.

दादा म्हणत होता कबरेवर शहाबादी बसवायची की मार्बल, आणि काय लिहायचं. शहाबादीच बसवा, मार्बलला खर्च नको, तुझ्या गोळ्यांना लागतील पैसे. नाव, जन्म, आणि 'प्रभूत निजले' ची तारीख, आणि खाली योहान ५:२८, पूर्ण वचन, नुसता आकडा नको, येणाऱ्या जाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. कोरणाऱ्याला अक्षरं आधी कागदावर लिहून दे, आणि कोरायच्या आधी मला फोटो पाठवायला लाव, ऱ्हस्वदीर्घ मी बघते.

पैसे सोमवारी टाकते. बीपीची गोळी रात्रीची चुकवू नकोस. शेंगाचटणी संपली, कुणी येणारं असेल तर दे. काकूंना माझा नमस्कार सांग, पिंट्याला पापा.

तुझी,
थोरली